बिनएसटीडीचे आबा

आत्माराम आबांनी आम्हाला कधीही इंटरनेट दाखवलं नाही. फक्त लावून दिलं. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते कळायला मला दोन वर्षं आणि बारा विहिरी लागल्या.

तेव्हा सगळ्यात जवळचं इंटरनेटचं केंद्र नाशिकला होतं. जळगावातून, धुळ्यातून, पाचोऱ्यातून जोडायचं तर नाशिकला एसटीडी लावायची. म्हणजे पत्र यायला जेवढा वेळ, तेवढा वेळ बाहेरगावच्या महागड्या फोनचं मीटर चालू. ज्याच्या घरी मोटार त्याच्याच घरी इंटरनेट, असा साधा हिशेब. मग टेलिफोन खात्यानं एक खास नंबर काढला. हा नंबर कुठल्याही गावातून फिरवा, कॉल नाशिकला जाणार, पण एसटीडी लागणार नाही. गावातल्या गावात केल्यासारखा एकच कॉल धरणार. तसं परिपत्रक निघालं. परिपत्रकं आपल्याकडे निघतातच. निघतात, फायलीत जातात आणि तिथं सुखानं नांदतात. गावोगावच्या एक्स्चेंजमध्ये तो नंबर उघडायचा राहिला तो राहिलाच.

आबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आधी ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे फोन हातानं जोडून देणारे, मग लाइनमन लोकांचे सुपरवायझर. निवृत्तीनंतर माणसं देवळाचे विश्वस्त होतात, नाहीतर जावयाला सल्ले देतात. आबांनी ते परिपत्रक मिळवलं, त्याला प्लॅस्टिकचं आवरण घातलं, आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन ते खानदेशभर हिंडायला लागले. ज्या गावात जायचं त्या गावच्या एक्स्चेंजमध्ये परिपत्रक दाखवायचं, नंबर उघडून घ्यायचा, मग कुणाच्या तरी घरी मशीन मांडून तो लागतो की नाही ते बघायचं. लागला की पुढचं गाव. लोक त्यांना बिनएसटीडीचे आबा म्हणायला लागले. कुणी तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग यायचा नाही. उलट ते मान डोलवायचे, पदवी मिळाल्यासारखी.

आमची संघटना तेव्हा जळगावात दोन खोल्यांत होती. पाण्याचे, जमिनीचे, रेशनचे प्रश्न आणि भिंतीला टेकलेले झेंडे. पत्रकं मी लिहायची. माझ्या पत्रकात प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणीतरी दलाल असायचा. पुण्याच्या एका हितचिंतकानं आम्हाला इंटरनेटचं खातं काढून दिलं होतं, आणि ते वापरायचं कसं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही आबांकडे गेलो. माझा हेतू स्वच्छ होता: या माणसाला चळवळीत ओढायचं. त्यांचाही हेतू स्वच्छ होता: आमच्या भिंतीवरची टेलिफोनची डबी गंजली होती, ती बदलायची.

आबांचं सामान बघण्यासारखं असायचं. कॉम्प्युटरचा डबा जुन्या गोधडीत. मॉनिटर केळीच्या टोपलीत, चारी बाजूंनी वाळलेली केळीची पानं कोंबून. रावेर-यावलची केळी दिल्लीपर्यंत अशीच जातात, मग काचेला काय होतंय, असा युक्तिवाद. आणि मॉडेम, म्हणजे टेलिफोनची तार आणि कॉम्प्युटर यांच्या मधली ती छोटी पेटी, बायकोच्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळून आबांच्या मांडीवर. एसटीत ती पेटी ते कधी खाली ठेवत नसत. एकदा धुळ्याच्या गाडीत कंडक्टरनं टोपलीत डोकावून विचारलं, टीव्ही आहे का? आबा म्हणाले, नाही, टेलिफोनचा पाहुणा आहे. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं आणि वर म्हणाला, "पाहुना शे त पानं कसाले गुंडायनात, आबा? उकडी जाई ना तो." सगळी गाडी हसली. आबाही हसले आणि पेटीचा मफलर जरा सैल केला.

माझ्या पत्रकांचाही त्या सामानात उपयोग झाला. "एसटीडीची लूट थांबवा" असं एक पत्रक मी तावातावानं लिहिलं होतं. आबांनी ते चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं, 'लूट' हा शब्द खोडला आणि वर 'अज्ञान' लिहिलं. मी म्हटलं, अज्ञान थांबवा असं म्हणून कुणी रस्त्यावर येत नाही. ते म्हणाले, रस्त्यावर कशाला यायला हवं, एक्स्चेंजमध्ये यायला हवं. पत्रक अर्थातच 'लूट' घेऊनच छापलं. आबांनी पन्नास प्रती मागून घेतल्या तेव्हा मला वाटलं, म्हातारा वळला. पुढच्या खेपेला टोपली उघडली तर केळीची पानं कमी पडली होती तिथं माझी पत्रकं चुरगाळून भरलेली. माझा एवढा उपयोगी पडलेला मजकूर दुसरा नाही. मॉनिटरला एक ओरखडा नव्हता.

एका तालुक्याच्या एक्स्चेंजमधली गोष्ट सांगते. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण तिथला अधिकारी सज्जन निघाला आणि मी त्याच्याबद्दल जे छापलं होतं ते सज्जन नव्हतं. आम्ही आत गेलो तेव्हा माझं पत्रक त्याच्या टेबलावर काचेखाली होतं. 'एसटीडीचे दलाल' या शब्दांना लाल शाईची रेघ. मी मनात घेरावाची जुळवाजुळव करत होते. आबांनी खुर्चीत बसून त्या साहेबाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग प्लॅस्टिकमधलं परिपत्रक दोन्ही हातांनी पुढं केलं आणि पुस्तकी मराठीत म्हणाले की हे आपल्या फायलीत असेलच, मी केवळ स्मरण द्यायला आलो. साहेबानं काचेखालच्या पत्रकावर बोट ठेवून विचारलं, आणि हे कुणी छापलं, आबा?

"या मुलीनंच," आबा म्हणाले. "तिला चहा चालतो. साखर कमी."

वीस मिनिटांत नंबर उघडला. चहाही आला, साखर कमी. मी परतीच्या गाडीत दोन तास धुसफुसत होते. न्याय मिळाला होता, पण संघर्ष झाला नव्हता. माझ्या हिशेबात तो न्याय कच्चाच. आबा खिडकीतून तारांचे खांब मोजत होते.

साहेबांशी पुस्तकी मराठीत बोलणारा हा माणूस मशीनशी मात्र अहिराणीतच बोलायचा. मॉडेम नंबर फिरवायचं, पलीकडून शिट्टी यायची, मग घासल्यासारखा, किंचाळल्यासारखा आवाज. आपल्याला तो गोंगाट. आबा डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकायचे. "उगी ऱ्हाय माय, लागस आते," असं पेटीला म्हणायचे. आवाज मधेच फाटला की "लाइनमा पानी शे" असं सांगून सरळ उठायचे आणि रस्त्यावरच्या खांबाकडे चालू लागायचे. आणि खरंच कुठल्यातरी डबीत पाणी असायचं.

आवाज थांबून पडद्यावर अक्षरं आली की आबा म्हणायचे, "लागलं." त्या शब्दावर त्यांचं काम संपायचं. पुढं काय, याच्याशी त्यांचं घेणंदेणं नाही. पहूरला एका डॉक्टरांकडे हे मी डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरांच्या घरी जणू गणपती बसायचा होता. नारळ फुटला, मॉडेमला हळद-कुंकू लागलं, शेजारपाजार जमला, डॉक्टरीणबाई नवी साडी नेसून समोर बसल्या. आबांनी परिपत्रक टेबलावर ठेवलं, नंबर फिरवला, पेटी किंचाळली, गल्लीतली कुत्री भुंकली. पडद्यावर हिरव्या अक्षरांची एक ओळ आली. आबा म्हणाले, लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोडा वेळ सगळे त्या ओळीकडे बघत बसले. मग आबांनी शांतपणे भिंतीतली तार उपसली.

डॉक्टर म्हणाले, आबा, अहो, पण आत काय असतं?

"ते मला विचारू नका, डॉक्टरसाहेब. मी फाटकापर्यंतचा माणूस. आत आपले आपण जा."

तार उपसण्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही. ते जळगावात अक्कांनी सांगितलं. अक्का म्हणजे आबांच्या मंडळी. बोलायला मोकळ्या, आणि आबा घरात नसले की जास्त मोकळ्या. ट्रंक कॉलच्या काळात बोलणं तीन मिनिटांचं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे यायचा, वाढवायची का विचारायचा, आणि मागं रांग असली की तोडायचा. आबांनी हे एवढी वर्षं केलं की तीन मिनिटं त्यांच्या अंगात गेली होती. घड्याळ बघायला लागायचं नाही. भाकरीही ते तीन मिनिटांत खायचे, असं अक्का म्हणाल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांची आई सुरतेला भावाकडे वारली. भावानं ट्रंक कॉल लावला. शेजारच्या दुकानात फोन घ्यायला अक्का धावत गेल्या. मधला ऑपरेटर आबाच होते.

"मनी माय मरी गयती," अक्का म्हणाल्या, "मी रडी ऱ्हायनू, भाऊ रडी ऱ्हायना, आनी हाऊ माणूस म्हणस, तीन मिनिटं व्हयनात."

मी चिडले. चिडणं हेच तेव्हा माझं काम होतं. आबा आल्यावर मी त्यांना विचारलंच, अक्कांसमोर. ते जोडे काढत होते. जोडे नीट भिंतीशी लावून मग म्हणाले, रांगेत दुसरे होते. त्यांच्याही घरी कुणीतरी गेलेलंच असतं, नाहीतर कुणी कशाला ट्रंक लावतं. अक्का चहा ठेवायला गेल्या. मला ते उत्तर पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. अशी उत्तरं मला फार खुपतात.

आता विहिरींकडे येते.

धुळ्याच्या बाजूला एका गावाशेजारी रंगाचा कारखाना आला होता. गावाचं आणि कारखान्याचं नाव इथं घालत नाही. तेव्हा घालून घालून दमले. विहिरींच्या पाण्याला वास मारायला लागला, जनावरं तोंड फिरवायला लागली, पोरांच्या अंगाला खाज. आम्ही बारा विहिरींच्या पाण्याचे नमुने घेतले. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतले तरुण मास्तर ते आपल्या वेळात, फुकट तपासत होते. त्यांचे शेवटचे आकडे निघणार होते सुनावणीच्याच दिवशी सकाळी. सुनावणी धुळ्याला, सरकारी विश्रामगृहात. एक वाजेपर्यंत जे अधिकाऱ्यांसमोर येईल ते नोंदीत जाणार. ज्या विहिरी दूषित ठरतील त्या बंद होणार आणि तिथल्या घरांना टँकर सुरू होणार. एक वाजल्यानंतर आलेल्या कागदाला किंमत नाही.

टपालानं आकडे यायला चार दिवस. फॅक्सचं मशीन मास्तरांच्या विभागप्रमुखांच्या खोलीत, आणि विभागप्रमुख त्याच कारखान्याचे सल्लागार. फोनवर आकडे ऐकून लिहिले असते तर कारखान्याचे वकील म्हणाले असते, ऐकीव आहे. उरलं इंटरनेट. मास्तर सकाळी आकडे आमच्या खात्यावर पाठवणार, आम्ही ते सुनावणीच्या जागी उघडून दाखवणार. अधिकाऱ्यांनी एवढं मान्य केलं की आलं तर माझा कारकून पडद्यावरून उतरवून घेईल आणि मी ते नोंदीत घेईन. माणूस बरा होता. बऱ्या माणसांशी भांडण कसं करायचं हे आमच्या शिबिरात शिकवत नसत.

आम्ही सकाळच्या गाडीनं धुळ्याला पोचलो. गोधडी, टोपली, मफलर. विश्रामगृहातला एकुलता एक फोन चौकीदाराच्या खोलीत होता आणि त्याच्या तबकडीला कुलूप. छोटं, पितळी, फोनच्या तबकडीला लावायचं असतं तसं. किल्ली विश्रामगृहाच्या साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. शिवाय एक्स्चेंजमधूनही त्या फोनची एसटीडी बंद. मी तिथल्या तिथं घोषणा सुरू करणार होते. आबा कुलूप बघून खूश झाले. चौकीदाराला ते म्हणाले, भाऊ, आम्हाला तुमची तबकडी नको, फक्त तुमची भिंत द्या. मॉडेमला तबकडी लागत नाही, ते नंबर स्वतः फिरवतं. एसटीडी बंद असली तरी हा नंबर गावातलाच धरला जातो, म्हणून लागतो. परिपत्रक चौकीदाराला वाचून दाखवलं, त्याच्या वहीत 'एक गावातला कॉल, सरकारी कामासाठी' असं लिहून सही केली, आणि मगच डबीचा स्क्रू काढला. दुनियेतली सगळी कुलपं फोडा असं मी पत्रकात लिहायची. हा माणूस कुलूप तसंच ठेवून आत गेला.

पहिल्या झटक्यात लागलं नाही. तो फोन शेजारच्या सरकारी कचेरीच्या बोर्डावरून जायचा, म्हणून बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य फिरवावं लागायचं, आणि मग जरा थांबावं लागायचं. आबांनी मशीनमध्ये शून्य लिहिलं, पुढं स्वल्पविराम टाकला, मग बाकीचा नंबर. स्वल्पविराम म्हणजे थांब. त्यांनी दोन टाकले. म्हणाले, सरकारी इमारत आहे, एकानं भागायचं नाही.

साडेअकराला लागलं. मी खातं उघडलं. मास्तरांचं पत्र आलेलं होतं. पडद्यावर एका वेळी एक पान मावायचं. पुढचं पान हवं तर कळ दाबायची, मग ते तारेवरून यायचं. पहिल्या पानावर विहीर एक ते सात. कारकून वही घेऊन बसला आणि एकेक आकडा उतरवायला लागला. सुवाच्य अक्षर, सावकाश हात. मी पुढची कळ दाबली नाही. म्हटलं, याचं होऊ दे, मग दाबू, नाहीतर हे पान जायचं. खोलीत फक्त त्याच्या पेनाचा आवाज. चौथी विहीर झाली. पाचवी झाली.

आबा माझ्या मागं उभे होते. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, नेहमीप्रमाणे. त्यांच्या कानाला एवढंच कळत होतं की लाइन जोडलेली आहे आणि कुणी बोलत नाही. ऑपरेटरच्या धर्मात यापेक्षा मोठं पाप नाही.

"तीन मिनिटं झाली," ते म्हणाले आणि त्यांनी तार उपसली.

मी मागं वळले तेव्हा तार त्यांच्या हातात होती. काय झालं हे त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. मला वाटतं, एवढ्या वर्षांत आपण तोडलेल्या माणसाचं तोंड त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

पडद्यावरच्या सात विहिरी तशाच होत्या, कारकुनानं त्या पुऱ्या केल्या. उरलेल्या पाच नाशिकला अडकल्या. आबांनी लगेच तार जोडली, नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. एक वाजत आला तरी एंगेज. आधी मला कळेना, हा नंबर एवढा गुंतलेला का असतो. आम्ही सुरुवात केली तेव्हा तर दिवसभर मोकळा असायचा. मग कळलं. नाशिकच्या केंद्रावर लाइनी मोजक्या, आणि आता पहूर, पाचोरा, नशिराबाद, जिथं जिथं आबांनी परिपत्रक दाखवून तो नंबर उघडून दिला होता, तिथली सगळी माणसं फाटकातून आत गेलेली. पहूरचे डॉक्टर बहुधा सकाळपासूनच आत होते. त्यांना तीन मिनिटांनी कुणी तोडणारं नव्हतं.

एक वाजता अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी काही? मी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, ते पत्रकासारखंच होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जे आलं ते नोंदीत घेतलं म्हणून सांगितलं. कारखान्याचे वकील घड्याळ बघून उठले.

दोन वाजून वीस मिनिटांनी लागलं. विहीर आठ ते बारा. आकडे पहिल्या सातांपेक्षा वाईट होते. आबा "लागलं" म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून ते पहिल्यांदा पडद्यासमोर बसले, चष्मा लावला, आणि बोट लावून एकेक ओळ वाचत गेले. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, किती असला म्हणजे वाईट, हे मला विचारत गेले. मग नावाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. आठवी ते बारावी, पाचही विहिरी भिल्लवस्तीच्या. वस्ती गावापासून लांब, कारखान्याच्या नाल्याला लागून.

त्या विहिरी शेवटी का आल्या, असं त्यांनी विचारलं नाही. पण मी सांगते, कारण हे कुणी छापत नाही. यादी आम्हीच केली होती. समतेची पत्रकं छापणारे आम्ही नमुने घ्यायला निघालो तेव्हा गावाच्या पारापासून निघालो, पाटलांच्या विहिरीला एक नंबर दिला, आणि वस्तीवर पोचेपर्यंत आठ झाले. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तसेच वळले. आबांच्या अंगात तीन मिनिटं होती. आमच्या अंगात काय होतं ते त्या यादीत होतं.

पाच विहिरी आबांनी कागदावर उतरवून घेतल्या. टोपली भरताना ते एवढंच म्हणाले, "माय, आज रांगेत कोणीच नव्हतं ना?"

गाडीत त्यांनी पेटी मांडीवर घेतली नाही, वरच्या फळीवर ठेवली.

महिन्याभरात आदेश निघाला. सात विहिरी बंद, सात विहिरींच्या घरांना टँकर. पाच विहिरींचा उल्लेख नाही, कारण नोंदीत त्या नव्हत्याच. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं की पुढील सुनावणीत विचार होईल. पुढली सुनावणी केव्हा, हे पुढील पत्रानं कळवण्यात येणार होतं. मी पत्रक काढलं, "सातांना पाणी, पाचांना विष". आबांनी त्यातला एकही शब्द खोडला नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

एके दिवशी ते संघटनेच्या खोलीवर आले. हातात गोधडी नाही, टोपली नाही. मला म्हणाले, वस्तीवर जायचं आहे, तुला वाट माहीत आहे. मी विचारलं, कशाला? तिथं फोनची लाइनच नाही. ते म्हणाले, ज्यांच्यासाठी निरोप आला होता त्यांना तो अजून कुणी दिलेलाच नाही.

खरंच नव्हता दिला. आम्ही अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, वर्तमानपत्रांना सांगितलं होतं, पुण्याच्या मास्तरांना कळवलं होतं. वस्तीवर कुणी गेलं नव्हतं. माझ्या पत्रकाचा एक गठ्ठा गेला होता म्हणे, पण तिथं वाचता येणारी माणसं दोनच.

आम्ही धुळ्याहून गाडीनं आणि पुढं पायी गेलो. चैत्रातलं ऊन. गावाच्या पाराशी टँकर उभा होता, बायकांची रांग लागलेली. तो ओलांडून नाल्याकडेनं वस्ती. पहिली विहीर लागली ती आठ नंबरची. एक बाई पाणी शेंदत होती. नाव जमनाबाई, नमुने घ्यायला आम्ही आलो होतो तेव्हा हिनंच दोर दिला होता. आबांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि उभ्यानंच सगळं वाचून दाखवलं. आकडे वाचले नाहीत, अर्थ सांगितला. साध्या अहिराणीत. कारखान्याचं काय काय पाण्यात उतरलंय, त्यानं लेकरांना काय होतं, जनावरांना काय होतं. घाई केली नाही. तिनं दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारल्या, त्या त्यांनी पुन्हा सांगितल्या. मी घड्याळ बघितलं नाही, पण पुष्कळ वेळ गेला.

"म्हणीसन सांगस माय, हाई पानी पेवानं नही," आबा शेवटी म्हणाले.

"मंग कोणतं पेवानं, आबा?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. आबांनी टँकरच्या दिशेनं बघितलं. तिनंही बघितलं. तिथं यांची नावं नव्हती, हे तिला आमच्याआधी माहीत होतं.

मग तिला आठवण झाली की पाहुणे उन्हातून आलेत. घागर कलती करून तिनं तांब्या भरला, पदरानं बूड पुसलं आणि पुढं केला.

"इतला ऊनमा उनात. पहिले पानी ल्या."

माझ्या पिशवीत जळगावहून भरून आणलेली बाटली होती. माझा हात पिशवीवर गेला आणि तिथंच राहिला. आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कागदाची घडी केली, आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला. मान वर करून ते सगळं पाणी प्यायले, सावकाश, थेंबही न सांडता. रिकामा तांब्या तिला परत दिला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि नाल्याच्या कडेनं पुढं चालू लागले. अजून चार विहिरी राहिल्या होत्या, आणि पाहुणे आल्याचं एव्हाना वस्तीभर झालं होतं. प्रत्येक विहिरीपाशी कुणी ना कुणी तांब्या भरून उभं होतं.